रहस्यकथा आणि कवींचा गट

एकमेकांचं लिखाण ऐकून अभिप्राय देणाऱ्या आमच्या लेखकांच्या गटात आज एक रहस्यकथा वाचली गेली. ऐकणारे पाच, त्यातले तिघे फक्त कविता लिहिणारे. अभिप्राय आला, "भाषा आणखी तरल हवी." खुनी तिसऱ्याच पानावर ओळखू येतो, हे कुणी बोललंच नाही. फार वाईट वाटलं, कारण कथेत दम होता.

म्हणून गट जमवण्याआधी आपला कथाप्रकार ओळखा. शेवटी वाचकाच्या हाती काय उरतं ते बघा: कोडं सुटलं तर रहस्यकथा, भीती रेंगाळली तर भयकथा. विज्ञान काढूनही कथा तशीच उभी राहिली, तर ती विज्ञानकथा नव्हे. (मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवण्याआधी हे जरूर तपासा.)

गट चार ते सहा जणांचा पुरे, पण निदान दोघं तुमच्या प्रकारातलं नेमाने वाचणारे हवेत. मजकूर आठवडाभर आधी द्यावा, बैठकीत दोनच कथा घ्याव्यात. लेखकाने शेवटपर्यंत गप्प बसायचं. तो समजावू लागला की कागदावरची उणीव झाकली जाते. इतरांनी उपाय सुचवू नयेत, "इथे माझं लक्ष उडालं" असं ओळीवर बोट ठेवून सांगावं. एकाच जागी तिघे अडखळले, तर तो भाग पुन्हा लिहायचा.

दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर हे सगळं पावसाळ्याआधी उरका.