दुकानात मिळणारी घराणी

एडिंबराला पाहुणे आले की किल्ल्यावरून उतरताना रॉयल माइलवरची दुकानं काही चुकवता येत नाहीत. स्कार्फ, किल्ट (पुरुषांचे चौकड्यांचे घागरे), शॉर्टब्रेडचे डबे आणि दाराशी हमखास एक फिरता स्टँड. त्यावर कॅम्पबेल, डग्लस, फ्रेझर, मॅकग्रेगर अशी आडनावं ओळीने टांगलेली. प्रत्येकाखाली एखादा प्राणी, एखादी ढाल आणि लॅटिन किंवा गेलिक ओळ. की-चेन घ्या, कॉफीचा मग घ्या, नाहीतर भिंतीवर लावायची लाकडी पाटी घ्या. अमेरिकेतून, कॅनडातून आलेली, इथून कधीकाळी गेलेल्यांची पणतवंडं तिथे रमून जातात. आपली मंडळीही उगाच एकदा स्टँड फिरवून बघतात.

पण त्यातली गोम अशी, की ज्यांचं आडनाव तिथे टांगलंय त्यांचंही ते चिन्ह नसतं. स्कॉटलंडच्या कायद्यात कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह, आडनावाचा नसतोच, तो एका माणसाचा असतो. त्याच्यामागे तो वारसाला जसाच्या तसा मिळतो. धाकट्या भावंडांना हवा असेल, तर रीतसर अर्ज करायचा आणि ढालीला किनार जोडून किंवा असाच काही फरक करून आपला वेगळा नोंदवून घ्यायचा. आपल्याकडे शिवाजी महाराजांची राजमुद्रा वेगळी आणि संभाजी महाराजांची वेगळी, तसाच काहीसा हा प्रकार.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचे गव्हर्नर झालेले, कॉलेजाला नाव दिलं गेलेले तेच. हे अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे चौथे चिरंजीव. घराण्याच्या रुपेरी ढालीवर रानडुकरांची तीन लाल मुंडकी आहेत, पण ती जशीच्या तशी मिरवायचा हक्क थोरल्या भावाचा.

मग स्टँडवर असतं ते काय? नीट बघा, बहुतेक बिल्ल्यांवर मधल्या चिन्हाभोवती बक्कल लावलेला पट्टा असतो. मधलं चिन्ह क्लॅनच्या (कुळाच्या) चीफचं, म्हणजे प्रमुखाचं. भोवती पट्टा म्हणजे 'मी या चीफचा माणूस' एवढाच अर्थ. घरंदाजपणाची खूण म्हणून हौसेने छातीवर लावतात, ती खरं तर चाकरीची खूण. मला स्वतःला हा तपशील फार आवडतो. विकणारे तो सांगत नाहीत, हे ओघानेच आलं.

ते सांगतात रंगांचे अर्थ. बरोबरच्या कार्डावर छापलेलं असतं: लाल म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा. यातलं बरंचसं मागाहून पंडितांनी चिकटवलेलं. बाराव्या शतकात ढाली रंगवायला सुरुवात झाली तेव्हा ढाल लांबून ओळखू यावी ही मोठी सोय होती. म्हणून तर एक नियम पडला: सोनेरी-रुपेरी हे 'धातू', लाल-निळा-काळा-हिरवा हे 'रंग', आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग ठेवायचा नाही. पिवळ्यावर काळं दिसतं, निळ्यावर काळं दिसत नाही. आजच्या रस्त्यावरच्या पाट्याही हेच तत्त्व पाळतात.

खरे अर्थ कार्डावरच्या अर्थांपेक्षा कितीतरी मजेदार आहेत. फ्रेझरांच्या निळ्या ढालीवर तीन पांढरी फुलं आहेत, ती स्ट्रॉबेरीची. फ्रेंचमध्ये स्ट्रॉबेरी म्हणजे 'फ्रेझ'. निव्वळ कोटी! मोऱ्यांनी ढालीवर मोर काढावा तसं.

डग्लसांच्या ढालीवर मात्र लाल हृदय आहे आणि ते प्रेमाबिमाचं नाही. राजा रॉबर्ट ब्रूस 1329 मध्ये वारला. जेरुसलेमची वारी राहून गेली म्हणून आपलं हृदय तरी तिकडे न्या, अशी त्याची शेवटची इच्छा. ते घेऊन सर जेम्स डग्लस निघाला आणि वाटेत स्पेनमध्ये, तेबाच्या लढाईत, 1330 मध्ये मारला गेला. हृदय परत आलं, ते मेलरोजच्या मठात पुरलं. डग्लसांच्या ढालीवर ते कायमचं राहिलं, पुढे त्यावर मुकुटही चढला.

मॅकग्रेगरांची कथा उलटी. 1603 मध्ये राजाने त्यांचं आडनावच बेकायदा ठरवलं. नाव टाका, नाहीतर मरा. ही बंदी कायमची उठायला 1774 उजाडलं. आज त्याच नावाचे मग दुकानात रचून ठेवलेले असतात.

या सगळ्याचा हिशेब ठेवणारं कार्यालय प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाजवळ, न्यू रजिस्टर हाउसमध्ये आहे: कोर्ट ऑफ द लॉर्ड लायन. नुसतं नावाचं कोर्ट नव्हे, खरंखुरं. स्वतःचा सरकारी वकील आहे, आणि बिननोंदणीचं चिन्ह वापरणं हा गुन्हा आहे. नोंदवही 1672 च्या कायद्याने सुरू झाली, ती अजून चालू आहे. डॉनल्ड ट्रम्प यांच्या अ‍ॅबरडीनशरमधल्या गोल्फ कोर्सलाही या कायद्याने अडवलं. शेवटी 2012 मध्ये नवं चिन्ह मंजूर करून घ्यावं लागलं.

आपल्या संस्थानिकांना मात्र अर्जबिर्ज काही करावा लागला नाही. 1877 च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने त्यांना ही चिन्हं निशाणांवर भरतकाम करून थेट हातात दिली. ती रचली होती रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याने. युरोपीय ढालीचा साचा घ्यायचा आणि त्यात इथलं भरायचं. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नाग त्यात बसले. बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद तर 'जीन घर, जीन तख्त', घोड्यावरच आयुष्य काढलेल्यांना शोभेल असं. ती निशाणं पितळी दांड्यांमुळे इतकी जड झाली, की एकेक उचलायला दोन धट्टेकट्टे हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, शिपाई लागत, असं लष्करी अधिकारी लॉर्ड रॉबर्ट्सने लिहून ठेवलंय. हत्तीवरून मिरवायचा बेत त्यामुळे बारगळला. मराठी घराण्यांची निशाणं आणि त्याखाली घामाघूम झालेले किल्टवाले: हे दृश्य बघायला मी काहीही दिलं असतं.

1672 च्या त्या कायद्यात एक वाट आपल्यासारख्यांनाही मोकळी आहे. 'सद्वर्तनी आणि लायक' अशा कुणालाही चिन्ह मिळू शकतं आणि स्कॉटलंडमध्ये कायमचं घर केलेला माणूस अर्ज करू शकतो; वंशाची अट नाही. फी काही हजार पौंड. आमच्याकडे त्यावरून जेवताना चर्चा झडते. नवऱ्याला ढालीवर कोकणातला माड हवाय. लेकीला दोन्ही बाजूंना एकेक युनिकॉर्न हवाय, राजाच्या चिन्हात असतो तसा, साखळी बांधलेला. पण ढाल धरून उभे राहणारे हे प्राणी उमराव, क्लॅनचे चीफ अशांसाठी राखीव; आमच्यासारख्यांना फक्त ढाल, शिरस्त्राण, वरचा तुरा आणि ब्रीदवाक्य. हे तिला सांगितल्यापासून तिचा या विषयातला रस संपलाय.