तुम्ही विचारलंत म्हणून: आधार कार्ड आहे, मग शिष्यवृत्ती का नाही?

कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल मी अनेक वर्षे सांभाळले. त्यामुळे प्रवेशाचे दिवस आले की एक प्रश्न मला आजही हमखास विचारला जातो. मूल इथेच लहानाचे मोठे झाले, त्याचे आधार कार्डही आहे, पण आई किंवा वडील परदेशी आहेत, नाहीतर मुलाचाच पासपोर्ट दुसऱ्या देशाचा आहे. अशा मुलाला सरकारी शिष्यवृत्ती मिळेल का?

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असो वा आठ लाख रुपये उत्पन्नमर्यादेची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या या योजना भारतीय नागरिकांसाठी आहेत. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच लिहिलेले आहे. अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही ते मिळू शकते. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असे आहे. आपण त्याला नुसते ‘डोमिसाइल’ म्हणतो आणि मधला शब्द विसरून जातो.

‘शाळेत तर कुणी काही विचारले नाही,’ असे पालक म्हणतात, आणि ते खरे असते. राज्यघटनेच्या २१-क या अनुच्छेदाने सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तिथे ‘नागरिक’ हा शब्दच नाही. तो शब्द पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जात समोर येतो.

मात्र माझा खरा आग्रह वेगळाच आहे. ‘तुम्ही परदेशी’ हे खिडकीवरचे उत्तर मान्य करण्याआधी मूल खरोखर परदेशी आहे का, ते तपासा. ताराबाई पार्कातील एका अपार्टमेंटचे वॉचमन नेपाळचे, त्यांची पत्नी भुदरगड तालुक्यातील, आणि मुलगी इथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात २००५ साली जन्मलेली. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात ‘नेपाळी’ असे लिहिलेले होते. पहिलीच्या प्रवेशावेळी कुणीतरी वडिलांचे आडनाव पाहून ते लिहिले आणि पुढे बारा वर्षे तेच उतरत गेले. तो दाखला पाहून मी तिचा अर्ज परत केला. वडिलांनी भिशीतून उचल घेऊन त्या वर्षीची फी भरली.

नंतर मी १९५५ चा नागरिकत्व कायदा काढून वाचला. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघे भारतीय असतील, अथवा एक भारतीय असून दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्मानेच भारतीय नागरिक असते. नेपाळी नागरिकाला भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे तिचे वडील बेकायदेशीर स्थलांतरित ठरत नाहीत. ती मुलगी जन्मल्या दिवसापासून भारतीयच होती. शाळेच्या नोंदीची दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने झाली, तहसीलचा दाखला मिळाला आणि दुसऱ्या वर्षी तिचा अर्ज मंजूर झाला. पहिल्या वर्षाचे पैसे मात्र गेले ते गेलेच, आणि त्याची बोच मला आजही आहे. आता महाविद्यालयात येणारी बहुतेक मुले २००४ नंतर जन्मलेली आहेत, म्हणून ही तारीख प्रत्येक कार्यालयातील लिपिकाला पाठ असावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा गट आहे अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये जन्मून आजी-आजोबांजवळ वाढलेल्या मुलांचा. त्यांच्याकडे ‘ओसीआय’ (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असते आणि घरचे त्याला दुहेरी नागरिकत्व समजतात. ते तसे नाही. कार्डधारक कायद्याने परदेशी नागरिकच राहतो. ४ मार्च २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने तर ‘नीट’, ‘जेईई’ यांसारख्या परीक्षांतून मिळणाऱ्या प्रवेशातही अशा मुलांना अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) जागांपुरतेच ठेवले. त्या तारखेपूर्वी कार्ड मिळालेल्यांचे आधीचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये अबाधित ठेवले, पण तो निकाल प्रवेशाच्या हक्काचा आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाला तो जोडून उपयोग नाही.

आई-वडील भारतीय नागरिक असतील, तर परदेशी नागरिकत्व असलेल्या अशा अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करण्याची तरतूद कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. अठरा पूर्ण झाले की ती वाट बंद होते. म्हणून बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. मूल दहावीत असतानाच निर्णय घ्या, कारण त्यासाठी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व सोडावे लागते आणि तो विचार घाईत करण्यासारखा नाही.

जे विद्यार्थी खरोखर परदेशी आहेत, त्यांच्यासाठी १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या आहेत. खासगी विश्वस्त संस्था आपापल्या नियमांनी मदत करतात, तेव्हा त्यांच्याकडे लेखी विचारणा जरूर करा.

मला भेटायला येताना मुलाचा महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आई-वडिलांच्या नागरिकत्वाचे कागद आणि शाळा सोडल्याचा दाखला सोबत आणा. दाखल्यावरचा ‘राष्ट्रीयत्व’ हा रकाना घरी बसून आधीच वाचून ठेवा.