नावडातोडीहून दिसलेलं महेश्वर

ओंकारेश्वरला नर्मदा परिक्रमेचा संकल्प सोडला, कुपीत जल भरून घेतलं आणि दक्षिण तटाने पश्चिमेकडे चालू लागलो. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला. वाटेतले नाले, उपनद्या ओलांडायच्या, पण तिचं पात्र ओलांडायचं नाही. तट बदलतो तो थेट समुद्राशी, विमलेश्वरहून नावेने मिठीतलाईला गेल्यावर. परिक्रमेतला हा नियम मला सगळ्यात प्रिय आहे. पलीकडे केवढाही बाजार भरलेला असो, तो आपल्यासाठी नाही. आपल्याला मिळायचं ते पुढच्या गावात, आणि ते गाव देईल तेवढंच.

निमाडातली गावं देतातही. देवउठनी एकादशी होऊन गेलेली, त्यामुळे शेतात कापसाची वेचणी आणि गव्हाची पेरणी, अंगणांत लाल मिरची वाळत घातलेली. माणसं कामात बुडालेली. तरी वेशीत शिरायच्या आत हाक येते, "नर्मदे हर! चाय प्रसादी पा लो, बाबाजी." सकाळी बालभोग, दुपारी भोजन, रात्री मंदिराच्या ओवरीत आसन. शिजवलेलं नसेल तिथे सदाव्रत, म्हणजे कोरडा शिधा.

टोकसरच्या पुढे एका खेड्यात एका आजींनी असंच सदाव्रत दिलं. परातीत पीठ, वाटीभर तूरडाळ, मीठ, दोन हिरव्या मिरच्या, वर चार गोवऱ्या. पीठ माझ्या पंच्यात ओतलं, घरात गेल्या आणि आणखी एक मूठ घेऊन आल्या. "रस्ता लंबा है." मग वाकून पाया पडल्या. माझ्याहून तीस-चाळीस वर्षांनी मोठ्या असतील. मी मागे सरकलो तर रागावल्या. इथे पाया पडतात ते परिक्रमावासीच्या, माणूस कोण-कुठला याची चौकशी नंतर. निखाऱ्यावर भाजलेले जाड टिक्कड आणि पातळ डाळ त्यांच्याच ओट्यावर बसून खाल्ली.

रावेरखेडीला बाजीराव पेशव्यांची समाधी आहे, मैयाच्या अगदी काठाला. २८ एप्रिल १७४० रोजी ते इथेच गेले, ऐन उन्हाळ्यात, छावणीत. मराठी माणसाला इथून पटकन उठवत नाही. आवारात बसलेल्या एका गावकऱ्याने बोलण्यावरून ओळखलं, "महाराष्ट्र से हो?" आणि न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

पुढे बकावाँ. नर्मदेच्या दगडाची शिवलिंगं घडवणारं गाव. मोटरवर फिरणारं चाक, त्यावर पाण्याची धार, आणि कारागिराच्या हातांवर कोपरापर्यंत राखाडी चिखल. घासता घासता दगडातली पांढरी रेघ वर आली की तो थांबतो, अंगठ्याने चिखल पुसतो, रेघ मधोमध येईल असा दगड वळवून घेतो आणि पुन्हा चाकाला लावतो. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

नावडातोडीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. या गावच्या टेकाडांत १९५०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. समोर महेश्वर: अहिल्याबाईंचा किल्ला, घाटाच्या पायऱ्या, पायऱ्यांवरची माणसंसुद्धा दिसतात. नावा इकडून तिकडे जातात. एका नावाड्याने हाक मारली, मग हातातला दंड आणि कमंडलू पाहून स्वतःच हात जोडले. महेश्वर मला भेटणार ते शूलपाणीची झाडी, गुजरात आणि समुद्र झाल्यावर, उत्तर तटाने परत येताना. डोळ्यांसमोर असलेल्या गावासाठी इतकं चालायचं, याचा मला त्या काठावर फार आनंद झाला.

२०१९मध्ये नर्मदेवरचं सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं आणि पुढच्या वाटेवरचा, बडवानीजवळचा राजघाट बुडाला. धरणाच्या पाण्याच्या फुगवट्यामुळे तिकडची वाट तटापासून लांब गेली आहे. जुन्या वर्णनांवर विसंबून भागत नाही, म्हणून रात्री आसनाशेजारच्या बुवांकडून पुढच्या गावांची आणि सदाव्रत कुठे मिळतं त्याची यादी लिहून घेतली. पहाटे आरती झाली की निघायचं होतं.