डार्विनचा गाळ आणि आमची बोडी

डार्विन म्हटलं की आमच्याकडे अजूनही एकच वाक्य निघते, माकडाचा माणूस झाला. शाळेत आम्हालाही तेवढंच माहीत होतं. म्हणून विज्ञानाच्या सरांनी नागपूरला बर्डीच्या फुटपाथवरून डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ची जुनी प्रत आणली तेव्हा पोट्ट्यांनी आधी माकडाचं चित्र शोधलं. पूर्ण पुस्तकात फांद्या फुटत जाणारी एक आकृती तेवढी, आणि माणसाच्या उगमाबद्दल शेवटी-शेवटी जेमतेम एक वाक्य. माणसावरचं पुस्तक त्यानं नंतर 1871 मध्ये काढलं.

प्रतीची पाठ डिंकानं चिकटवलेली होती, आत कुण्या आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या रेघा. मूळ पुस्तक 1859 चं, ही छपाई 1872 च्या सहाव्या आवृत्तीवरून. इंग्रजी जड, सर मधल्या सुट्टीत वाचायचे अन् झाडीबोलीत सांगायचे.

एक दिवस गोड्या पाण्यातल्या जीवांचा भाग आला. तळी एकमेकांपासून लांब, मधे कोरडी जमीन, तरी सगळीकडे त्याच वनस्पती, त्याच गोगलगायी कशा पोचल्या? तर या माणसानं फेब्रुवारीत एका लहान तळ्याच्या काठचा, पाण्याखालचा तीन मोठे चमचे गाळ घेतला, वाळल्यावर तो 190 ग्रॅमच्या आसपास भरला, सहा महिने आपल्या खोलीत झाकून ठेवला आणि उगवलेलं एकेक रोप उपटून मोजलं. 537 रोपं! एका कपात मावणाऱ्या गाळातून! मग बदकाचे पाय पाण्याच्या टाकीत टांगले, तर अंड्यातून नुकत्या निघालेल्या गोगलगायी त्याला अशा चिकटल्या की बाहेर काढून झटकल्या तरी पडेनात, आणि दमट हवेत 12 ते 20 तास जगल्या, तेवढ्यात बदक सहाशे-सातशे मैल जाऊ शकते असा त्याचा हिशेब.

आमचा भंडारा जिल्हा म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांचा आणि बोड्यांचाच, म्हणजे लहान तळ्यांचाच, हिवाळ्यात बाहेरची बदकं उतरतात ती आम्ही लहानपणापासून पाहतो, पण त्यांच्या पायाला काय लागलं असेल हा विचार तोवर कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. सर म्हणाले, कप आणा. कान तुटलेले कप घेऊन आम्ही बोडीवर गेलो, गाळ आणून प्रयोगशाळेच्या खिडकीत मांडला. डार्विनएवढी रोपं काही निघाली नाही, पण निघाली, गवतं, लव्हाळा, आणि एक असं की ज्याचं नाव फक्त एका पोराच्या आजीला सांगता आलं.

10वीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. तो व्याख्यांपासून शिकवू नये, कपभर गाळापासून शिकवावा असं मला मनापासून वाटते, कारण एवढा मोठा सिद्धांत मांडणारा माणूस महिनोन्महिने रोपं मोजत बसला होता हे पोरांना दिसलं पाहिजे, आणि ते काम आपल्या गावात एक रुपया न लावता होते.

ती प्रत सरांनी शाळेच्या लायब्ररीला दिली आहे. आताच्या विद्यार्थ्यांनी येत्या फेब्रुवारीत, बोडी आटायच्या आधी, गाळ आणावा आणि जो आकडा येईल तो त्या प्रतीतल्या गाळाच्या पानावर तारखेसकट लिहून ठेवावा.