नागपूर ते सारंगखेडा, मागे घोड्यांचा ट्रेलर: जुनी फोर बाय फोर घ्यायची तर

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला नागपूरहून ट्रेलर ओढत जायचं तर साडेपाचशे किलोमीटरच्या वर रस्ता आहे, आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ताकद, लागते ती त्यातल्या शेवटच्या दोन-तीनशे मीटरला. बाकी सगळा रस्ता ब्रेक, क्लच आणि रेडिएटरचा. जुनी गाडी विकणारा मात्र बरोब्बर उलटं सांगतो. फोर बाय फोरचं बटण फिरवतो, डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा दाखवतो आणि म्हणतो, "भाऊ, लाइट लागून राहिला ना, मग आता काय पाह्यजे?" त्या दिव्याच्या भरवशावर गेलेली गाडी तापीकाठच्या काळ्या मातीत मागची दोनच चाकं फिरवत बसते. पुढची चाकं ढिम्म. म्हणून हा वृत्तांत रस्त्यापेक्षा गाडीचाच जास्त आहे.

आधी वजन. दोन घोड्यांचा लोखंडी ट्रेलर रिकामा साधारण 800 ते 1000 किलो भरतो. गावातल्या फॅब्रिकेटरने "मजबूत पाह्यजे" म्हणून जाड चॅनल टाकले असतील तर त्याहून जास्त. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा 350 ते 450 किलोचा. वर कडबा, चणा, पाण्याचे कॅन, खोगीर. म्हणजे दोन घोड्यांचा भरलेला ट्रेलर 1800 किलोच्या घरात गेला. अंदाजावर जाऊ नका. कळमन्याच्या बाजूला धरमकाटे आहेत, तिथे ट्रेलर घोड्यांसकट चढवा. मग तो गाडीपासून सोडवून पुढचं छोटं चाक तेवढं काट्यावर ठेवा. तो आकडा एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्क्यांत हवा. 1800 किलोच्या ट्रेलरला सव्वाशे किलोच्या आसपास उत्तम. कमी भरला तर 70 च्या वेगाला ट्रेलरची शेपटी डावी-उजवी झुलायला लागते, जास्त भरला तर गाडीचं बूड बसतं, पुढचं तोंड उचलतं आणि स्टेअरिंग हलकं पडतं. आकडा बिघडला असेल तर कडबा-पाणी पुढे-मागे करा. तेवढ्याने जमलं नाही तर घोडे उभे राहण्याची जागाच चुकली आहे, फॅब्रिकेटरकडे परत जा.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिली असेल तर तो शेवटचा शब्द. दिली नसेल तर भरलेला ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनापेक्षा हलका ठेवा. या एका कसोटीवर निम्मा बाजार गळतो.

जिप्सी आधी गळते. एक टनाच्या आसपासची गाडी, 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन, 103 न्यूटन-मीटर टॉर्क. चिखलात माकडासारखी चढेल, पण घाटउतारावर 1800 किलोचा ट्रेलर तिलाच ढकलत नेईल. जुनी थार सीआरडीई, म्हणजे 2020 आधीची, इंजिनाने पुरते, चाकांमधल्या अंतराने नाही. 2430 मिलिमीटरच्या व्हीलबेसला लांब ट्रेलर लावला की प्रत्येक झोल थेट स्टेअरिंगला येतो. एका घोड्याच्या छोट्या ट्रेलरला चालेल, दोनच्या नाही. एक्सयूव्ही 500 आणि डस्टर यांच्या चारही चाकांना ताकद जाते हे खरं, पण लो रेंज, म्हणजे चाकं सावकाश पण जोराने फिरवणारा जादा गिअर, नाही. ट्रेलर मागे घेत चढावर लावायचा असेल तर लो रेंज नसलेली गाडी म्हणजे क्लच प्लेटचं खातं उघडल्यासारखं आहे.

उरतात त्या स्कॉर्पिओ 4डब्ल्यूडी, सफारी स्टॉर्म, तीन लिटरची जुनी फॉर्च्युनर, इसुझू व्ही-क्रॉस आणि एन्डेव्हर. स्कॉर्पिओ सगळ्यांत सहज मिळते आणि स्पेअर कुठेही, पण 120 अश्वशक्तीचं इंजिन दोन घोडे मागे असताना चढावर दमतं. एका घोड्यासाठी घ्या. स्टॉर्म घ्यायची तर 2015 च्या शेवटापासून आलेली व्हॅरिकॉर 400 वाली, 400 न्यूटन-मीटरची. आधीच्या 320 वालीसाठी पैसे वाढवून देऊ नका. फॉर्च्युनरच्या 2009 ते 2016 च्या मॅन्युअल 4x4 ला चारही चाकांना ताकद कायम जाते आणि मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या आसांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) लॉक करता येतं, त्यामुळे ओल्या डांबरावरही बिनघोर चालते. ओढायला ही भारी, फक्त नावाचे पैसे लागतात. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस 3095 मिलिमीटर, मागे पाटे, ट्रेलर मागे असला तरी रेषेत चालते. कडबाही मागच्या हौद्यात जातो. एन्डेव्हर 3.2 ची ताकद सर्वांत जास्त, 470 न्यूटन-मीटर, पण फोर्डने 2021 मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. जवळ भरवशाचा मेकॅनिक नसेल तर मोहात पडू नका. हाती मोजका पैसा आणि दोन घोडे असतील तर आमचं मत व्ही-क्रॉसला.

आता तो हिरवा दिवा. दिवा एवढंच सांगतो की ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, मोटरने आपलं काम केलं. पुढच्या हबने, म्हणजे चाकाला आसाशी जोडणाऱ्या कुलपाने, चाक पकडलं की नाही हे त्याला कळत नाही. तपासायची रीत सोपी आहे. ही रीत पार्ट-टाइम, म्हणजे बटण फिरवल्यावरच पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्यांची, फॉर्च्युनरसारख्या कायम चारचाकीला मधलं डिफरन्शियल आधी लॉक करावं लागतं. गाडी मोकळ्या मातीच्या जागेत घ्या, 4H (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाका, पाच-सात मीटर सरळ पुढे न्या, इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये ठेवा. मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एकच चाक जॅकवर उचला. हाताने फिरवल्यावर ते थोडं फिरून अडकलं पाहिजे. गरगर फिरत राहिलं तर हब मेलेला आहे. मग दुसऱ्या बाजूचंही तसंच बघा. त्यानंतर 4L, म्हणजे चारही चाकं लो रेंजमध्ये. गाडी उभी, क्लच पूर्ण दाबलेला, गिअर न्यूट्रल, मग बटण. दिवा लुकलुकत राहिला, स्थिर झाला नाही, तर शिफ्ट मोटर किंवा वायरिंग. वर्षानुवर्षं न फिरवलेल्या बटणाचं हेच होतं. "बॅटरी वीक आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका, बॅटरी बदलायला लावा आणि परत बघा. शेवटी मातीतच 4H मध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. गाडी आखडल्यासारखी, धक्के देत वळली तर पुढचा आस जिवंत आहे. डांबरावर हे करू नका, त्यात ट्रान्सफर केसची साखळी आणि जॉइंट पिळले जातात.

ट्रान्सफर केसचा ड्रेन प्लग उघडायला विक्रेता तयार नसेल तर गाडी सोडून द्या. प्लगच्या चुंबकावर काजळासारखी काळी लापशी असतेच. चकचकीत कपचे नसावेत.

क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे, घुंईं करत चालू राहिलं तर प्लेट गेली. मागचा ब्रेक बघताना गाडीखाली वाका. मागच्या आसापासून एका झडपेकडे जाणारी काडी किंवा स्प्रिंग असते, ती वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकला दाब देते. गाडी उंच करून घेतलेल्यांनी ती सोडून तारेने बांधून ठेवलेली सापडते. ट्रेलर लावल्यावर हीच चूक सगळ्यांत महाग पडते, कारण बूड जड आणि ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचा. रेडिएटरच्या जाळीत माती आहे का, पंख्याला इंजिनाशी जोडणारा व्हिस्कस क्लच गरम इंजिनावर घट्ट धरतो का, हे एसी चालू ठेवून बघा. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 ला जातो, तेव्हा ट्रेलर मागे असेल तर काटा कुठे जाईल हे डिसेंबरात गाडी चालवून कळत नाही.

जुन्या गाडीला आधीच हूक असेल तर आनंद मानू नका. बम्परला किंवा मागच्या क्रॉस मेंबरला वेल्ड केलेला हूक सिलिंडर ओढायच्या लायकीचा. चांगल्या कामाची खूण म्हणजे 8 ते 10 मिलिमीटरची प्लेट, चेसिसच्या दोन्ही बाजूंना किमान 8.8 ग्रेडचे बोल्ट आणि चेसिसच्या पोकळीत प्रत्येक बोल्टभोवती पाइपचा तुकडा. तो पाइप नसेल तर नट आवळताना चेसिसच चेपते आणि महिन्याभरात बोल्ट ढिले होतात. हूकवरचा, ट्रेलर ज्यावर बसतो तो गोळा 50 मिलिमीटरचा, ट्रेलरचं कपलिंगही तेवढंच. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच, धक्क्यावर चालणारा किंवा इलेक्ट्रिक. शिवाय सेफ्टी चेन आणि सुटल्यावर ब्रेक लावणारी तार. ट्रेलरला रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेले, टायर खपवून घेऊ नका, सिमेंटच्या रस्त्यावर तेच आधी फाटतात.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. इकडे आणताना फॉर्म 28 ची एनओसी, नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, कर्ज असेल तर फॉर्म 35, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. हा सगळा खर्च आणि आरटीओच्या चकरा धरल्या की स्वस्ताई बरीच वितळते. एमएच-31, 40 किंवा 49, म्हणजे नागपूरच्याच पासिंगची गाडी थोडी महाग पडली तरी बरी.

रस्त्याचं फार सांगण्यासारखं नाही. कोंढाळीपर्यंत सरळ, तळेगावजवळच्या सत्याग्रही घाटात उतारावर तिसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. अमरावती, अकोला, भुसावळ, जळगाव, धुळे मजेत जातं. वेग 60-70 च्या वर नको, दर तीन तासांनी थांबा, घोड्यांना पाणी दाखवा, हायवेच्या कडेला मात्र उतरवू नका. टोलनाक्यावर सेन्सर आस मोजतो. दोन आसांचा ट्रेलर मागे असला की मोठ्या गाडीचे पैसे कापले जाऊ शकतात. मेसेज लगेच बघा आणि पावती मागा, घरी येऊन भांडण्यात अर्थ नाही.

आणि मग दोंडाईच्याच्या पुढे, बाजाराच्या मैदानात उतरायचा कच्चा रस्ता. यासाठीच तर एवढा खटाटोप. काळी माती वरून वाळलेली दिसते, खाली लोणी. टँकरने पाणी मारलेलं असेल किंवा अवकाळी झालेली असेल तर हायवेच्या टायरची नक्षी दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत होते. उतरण्याआधी कोरड्यात थांबा. घोडे ट्रेलरमधून काढून हाताने चालवत न्या, आठशे किलो तिथेच कमी झाले. टायरची हवा 22 पीएसआयपर्यंत उतरवा, 4L टाका, दुसऱ्या गिअरने एकाच वेगात जा. मध्ये थांबू नका, थांबलात तर रुतलात. चाक फिरायला लागलं की पाय काढा, जास्त गॅस दिला तर आसापर्यंत खड्डा होतो. दोन्ही आसांचं एकेक चाक हवेत फिरत असेल तर फोर बाय फोरही लाचार. मागचं डिफरन्शियल लॉक होणारी गाडी इथे वाचवते, 2015 नंतरच्या थारला ते होतं, एवढंच तिचं कौतुक.

रुतल्यावर ट्रॅक्टरवाला येतोच, आणि संध्याकाळ झाली की त्याचा भाव दुपारच्या दुप्पट होतो. मैदानात पाय टाकायच्या आधीच कोरड्या रस्त्यावर उभं राहून त्याच्याशी रक्कम ठरवा, जाणं-येणं मिळून. साखळी किंवा पट्टा ट्रेलरच्या गोळ्याला कधीही अडकवू देऊ नका, गोळा तुटला तर तो काचेतून आत येतो. आपला पट्टा न्या आणि चेसिसच्या ओढण्याच्या कडीलाच लावा.

ट्रेलरचं रजिस्ट्रेशन, घोड्यांचं पशुवैद्यकीय प्रमाणपत्र आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निगेटिव्ह अहवाल समोरच्या कप्प्यात ठेवा. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी हबमधली आणि ब्रेक ड्रममधली माती धुऊन काढा, प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस भरा, आणि त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर 4L टाकून गाडी पन्नास मीटर चालवा.