किटलीची पावती

इटलीतल्या जेनोव्हाच्या बंदरात, क्रूझच्या जहाजावर चढायच्या आधीच्या तपासणीत, माझ्या हातातल्या पिशवीने आम्हाला अडवलं. मोठ्या बॅगा बाहेरच जमा झाल्या होत्या. पिशवीत औषधं, वन्संचा चष्मा, राजगिऱ्याच्या वड्या आणि विजेची किटली. पडद्यावर बाकी सगळं धूसर आणि किटली अगदी तोटीसकट ठसठशीत. गार्ड नेपाळी होता. माझ्या साडीकडे बघून थेट हिंदीतच म्हणाला, "माताजी, ये अंदर नहीं जाएगा."

मी बत्तीस वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. नियम दाखवा म्हणणाऱ्यांना मी नियम दाखवलेले आहेत. इथे मीच म्हटलं, "कहाँ लिखा है?" त्याने शांतपणे मागच्या भिंतीवरच्या चित्रांकडे बोट केलं. इस्त्री, किटली, मेणबत्ती, एक्स्टेन्शन बोर्ड, सगळ्यांवर तांबडी फुली. मग त्याने किटली काढून घेतली, एक नंबर लिहिला आणि मला पावती दिली. शेवटच्या दिवशी पावती दाखवा, किटली घेऊन जा. आमचे हे मागून हळूच म्हणाले, "लॉकरचं भाडं विचार."

आता हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. वन्सं सत्तर वर्षांच्या झाल्या. आयुष्यभर शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही आणि समुद्र पाहिला तो हरिहरेश्वरचा. त्यांना क्रूझवर न्यायचं ह्यांच्या मनात बरेच दिवस होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत बजेट आलं आणि मनातलं एकदम तोंडात आलं, कारण परदेशी टूरवरचा टीसीएस, म्हणजे टूरचे पैसे भरतानाच वर घेतला जाणारा कर, ५ वरून २० टक्के होणार होता, १ जुलैपासून. ह्यांनी मे महिन्यातच सगळे पैसे भरून टाकले. जूनच्या शेवटी सरकारने तारीख ऑक्टोबरपर्यंत ढकलली आणि सात लाखांपर्यंत ५ टक्केच ठेवले. म्हणजे घाई केली नसती तरी चाललं असतं. (टीसीएस हा काही जादा खर्च नव्हे, रिटर्न भरताना तो वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात, आणि अडकलेल्या पैशांनी ह्यांना झोप लागत नाही.)

जहाज निवडलं एमएससी वर्ल्ड युरोपा. फ्रान्समधल्या सेंट-नझेरच्या गोदीत बांधलेलं, २०२२ साली समुद्रात उतरलेलं, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा वर्षभराचंही नव्हतं. त्याच वर्षीच्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ते दोह्याच्या धक्क्यावर हॉटेल म्हणून उभं होतं. लांबी ३३३ मीटर, मजले २२, खोल्या २,६०० हून जास्त. आमच्या सोसायटीत ९६ फ्लॅट आहेत आणि पाण्यावरून दर उन्हाळ्यात भांडणं होतात, म्हणून मला हा खोल्यांचा आकडाच सगळ्यात जास्त भीतीदायक वाटला.

मार्ग असा: जेनोव्हा, नेपल्स, मेसिना, माल्टातलं व्हॅलेटा, बार्सिलोना, मार्से आणि परत जेनोव्हा. सात रात्री. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरला, कारण १९ तारखेला गणपती. त्याआधी घरी पोचायचं हे ठरलेलं.

व्हिसाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आम्ही थोडक्यात वाचलो. आमचा एजंट (नाव नको, रोज येता-जाता भेटतो) म्हणाला, "काकू, शेंगेन एकच आहे. ज्या देशाची तारीख मिळेल त्याचा घेऊ. स्पेनची मिळतेय." शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्या उन्हाळ्यात तारखा मिळत नव्हत्या हे खरं. पण अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, आणि दिवस सारखेच भरले तर जिथे आधी उतरणार तिथे. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडणी केली. जहाजाआधी एक रात्र जेनोव्हाच्या हॉटेलात, मग नेपल्स, मेसिना, शेवटी पुन्हा जेनोव्हा. इटली ठसठशीत पुढे. स्पेनचा एक दिवस. मी तो कागद एजंटच्या टेबलावर ठेवला. तो म्हणाला, "एवढं कोण बघतं?" मी म्हटलं, "जो पासपोर्टवर शिक्का मारतो तो."

इटलीची तारीख मिळायला तीन आठवडे रोज सकाळी सहाला उठून संगणकासमोर बसावं लागलं. मग पुण्यातल्याच व्हिसा केंद्रात तिघांचे बोटांचे ठसे. तेव्हा माणशी ८० युरो फी, वर केंद्राचं सेवाशुल्क. निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा, बँकेचे उतारे, इन्कम टॅक्सची रिटर्नं आणि जहाजाचं तिकीट, ज्यावर बंदरांची नावं तारखेनिशी छापलेली हवीत. वन्संच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. चाळीस वर्षांचा खडू आणि नंतरची धुणीभांडी. तिथल्या मुलीने त्यांना ओलसर टिश्यू दिला आणि पाचव्या वेळी जमलं.

मुंबईपर्यंत टॅक्सी, आखातात विमान बदलून मिलान, तिथून रेल्वेने पावणेदोन तासांत जेनोव्हा. हे भरभर झालं. एक मात्र सांगते: जहाज सुटायच्या दिवशीच त्या गावात पोचायचा हिशेब कुणी करू नये. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही.

किटली गेल्यावर आम्ही वर गेलो. खोली उघडली, छान होती, स्वच्छ, नवेपणाचा वास अजून होता. हे बाल्कनीचं दार सरकवून बाहेर गेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी गेले. समोर समुद्र नव्हता. समोर बाल्कन्या होत्या. खाली फरसबंदी रस्ता, खुर्च्या, दुकानं, माणसं.

या जहाजाची मागची बाजू मधोमध चिरल्यासारखी उघडी आहे आणि त्या फटीत हा रस्ता, १०४ मीटर लांब, वर आभाळ. दोन्ही बाजूंच्या खोल्यांच्या बाल्कन्या त्या रस्त्यावर उघडतात. समुद्र दिसतो, पण मान डावीकडे वळवली तर, टोकाला, दाराच्या फटीतून दिसावा तेवढा. एजंटने सांगितलं होतं "बाल्कनी". कसली बाल्कनी, ते आम्ही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. समुद्राकडची जास्त महाग असते हे नंतर कळलं. मी तिथल्या तिथे त्याला खरमरीत मेसेज लिहायला घेतला, तर जहाजावरचं इंटरनेट वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं, तेही कळलं.

वन्सं तेवढ्यात बाहेर आल्या. कठड्याला टेकल्या, खाली बघितलं, समोर बघितलं. "अगंबाई, हा तर वाडाच आहे."

वन्सं शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढल्या. तीन मजले, चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या, गॅलरीत उभं राहिलं की कुणाकडे काय शिजतंय ते कळायचं. तो वाडा पडून आता तिथे पार्किंगवाली इमारत आहे. पुढचे सात दिवस मी त्यांना सकाळ-संध्याकाळ त्या कठड्याशीच बघितलं. समोरच्या चौथ्या मजल्यावर एक इटालियन आजी कपडे वाळत घालायची (तेही मना असावं), तिच्याशी यांची मान हलवून ओळख झाली. तिसऱ्या दिवसापासून दोघी एकमेकींना आपापली नातवंडं-भाचरं फोनमध्ये वर करून दाखवत होत्या, मध्ये साठ-सत्तर फुटांचं अंतर.

जहाज सुटायच्या आधी सुरक्षेची कवायत. खोलीतल्या टीव्हीवर फिल्म बघायची, फोनवरून बघितल्याचं कळवायचं, मग आपल्याला नेमून दिलेल्या अक्षराच्या जमायच्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. सात छोटे भोंगे आणि एक लांबलचक, म्हणजे जमायची खूण. पूर्वी ही कवायत चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालायची. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्याच जिलियो बेटाजवळ खडकावर गेलं आणि ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आता सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घेतात. फिल्ममध्ये आगीचाही भाग होता. समुद्रात अग्निशमनाची गाडी येत नाही, जी काही विझवायची ती जहाजावरच्याच माणसांनी. ते बघताना ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी किटलीबद्दल पुन्हा बोलले नाही.

पहिले दोन दिवस आम्ही पैसे वसूल केले. म्हणजे काय, तर सकाळी सातला न्याहारीला, नऊला पुन्हा न्याहारीला, कारण मघाशी क्रोसाँ राहिलं होतं. नाटक, संगीत, गरम पाण्याचं कुंड, जे जे तिकिटात धरलेलं ते ते. तिकिटात न धरलेल्याला हात लावायचा नाही: टेबलावरची पाण्याची बाटली, खास हॉटेलं, बारमधली कॉफी. ह्यांनी तर कमाल केली. त्या मधल्या रस्त्याच्या टोकाला अकरा मजल्यांची पोलादी घसरगुंडी आहे, व्हेनम ड्रॉप. पाणी नाही, कोरडीच. फुकट आहे म्हटल्यावर चौसष्ट वर्षांचा माणूस पोरांच्या रांगेत उभा राहिला. आम्ही दोघी बाल्कनीतून बघत होतो. खाली बाहेर आले तेव्हा चष्मा एका कानावर आणि चेहरा सीए परीक्षा पास झाल्यासारखा. "परत जाऊ का?" त्यांनी खालून ओरडून विचारलं. अख्ख्या वाड्याने ऐकलं.

दुसऱ्या रात्री मला पोटाने धडा दिला आणि वसुली थांबली.

चहाचं दुःख मात्र राहिलं. बुफेत गरम पाणी आणि पुड्या मिळतात, दूध थंड. तो चहा नव्हे. चौथ्या दिवशी बुफेत वाढणारा एक मुलगा वन्सं आणि मी बोलत होतो ते ऐकून थबकला. सावंतवाडीचा निघाला. नऊ महिन्यांचं कंत्राट, त्यातले सहा झालेले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सव्वासहाला, गर्दी व्हायच्या आत, आमच्यापुढे तीन कप दूध गरम करून यायचं. श्रावणी सोमवार होता हे त्याला माहीत होतं, आम्हाला आधी वाटलं होतं आम्हीच लक्षात ठेवलंय. "आई करते," एवढंच म्हणाला आणि उकडलेले बटाटे, दही, फळं काढून दिली. बक्षिशी द्यायला गेले तर घेईना. मग वन्सं त्याला राजगिऱ्याच्या वड्यांचं अख्खं पाकीट देऊन मोकळ्या झाल्या.

बंदरांचं फार लिहीत नाही. मेसिनात आणि व्हॅलेटात, लागोपाठच्या दोन दिवशी, बाराच्या ठोक्याला फुकटचा कार्यक्रम मिळाला. मेसिनाच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर १९३३ साली स्ट्रासबुर्गहून आलेलं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बाराला त्यातला सोनेरी सिंह शेपटी हलवत डरकाळी फोडतो, मग कोंबडा पंख फडकवून आरवतो. व्हॅलेटात बाराला तोफ. तिथे वर बागेत जायला किल्ल्याच्या तटालगत ५८ मीटर उंच लिफ्ट आहे, त्यामुळे वन्संच्या गुडघ्यांना त्रास झाला नाही. त्याहून चांगलं म्हणजे त्या बंदरात शिरणं. पहाटे उठून आम्ही सगळ्यात वरच्या डेकवर गेलो. एवढं अवाढव्य जहाज, इंजिनाची घरघर पायाला जेमतेम लागत होती, आणि दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे बुरूज इतके जवळ की ह्यांनी नकळत पोट आत घेतलं.

शेवटच्या रात्रीची पद्धत अशी की मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या. त्या रात्रीतून खाली जातात आणि सकाळी धक्क्यावर भेटतात. वन्संनी आयुष्यभराच्या शिस्तीने सगळं भरलं. सगळं. सकाळी साडेसहाला त्या पलंगाच्या कडेला गाऊनमध्ये बसलेल्या आणि अंगावर घालायला त्यांच्याकडे काही नव्हतं. माझा हातातल्या पिशवीतला जादा पंजाबी ड्रेस त्यांना चढवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. सत्तर वर्षांत पहिल्यांदा साडी सोडून काही घातलं त्यांनी बाहेर जाताना. समोरच्या इटालियन आजीने कठड्यावरून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

बिलात सेवाशुल्काचे दिवसाला माणशी काही युरो, एक दिवसाचं इंटरनेट आणि ह्यांच्या दोन कॉफ्या, ज्यांच्याबद्दल मला माहीत नव्हतं.

किटली घ्यायला गेले. मांडणीवर तीन फळ्या भरून किटल्या, इस्त्र्या, बोर्ड. आमच्याच कंपनीच्या, आमच्याच रंगाच्या चार. पावतीवरचा नंबर घामाने पुसट झालेला. गार्ड तोच होता. त्याने एकेक उलटी करून बघितली. आमची किटली सोसायटीच्या कार्यक्रमांना फिरते, म्हणून तिच्या बुडाला मी बँडेजची पट्टी चिकटवून नाव लिहून ठेवलंय. तिसरी किटली त्याने डोळ्यांजवळ धरली आणि नेपाळी वाचावं तसं सरळ, न अडखळता वाचलं, "जोशी, कोथरूड."

"ये क्या जगह है, माताजी?"

मागे रांग होती. वन्सं पंजाबी ड्रेसात पुढे झाल्या आणि त्याला सांगायला लागल्या.