छावणीतून कॉलेजात : युद्धकाळातले प्रवेशाचे कागद वाचताना

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला. आमच्या चंद्रपूरकडे ही दोन अक्षरं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत. त्याचं निदान इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे विजेच्या प्रवाहात रेणू वेगळे करणाऱ्या तपासणीने, पक्कं झालं. याच तंत्राने १९४९ साली लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की सिकलसेलचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. इटानोंबद्दल वाचू लागले तेव्हा कळलं, की १९४२ मध्ये बर्कली विद्यापीठाने त्यांना सर्वोच्च पदक जाहीर केलं त्या वेळी ते कोठडीवजा छावणीत होते. जन्म कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा, गुन्हा काही नाही, फक्त आईवडील जपानी. दुसऱ्या महायुद्धात जपानशी लढताना अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना, नागरिक असले तरी, अशा छावण्यांत डांबलं होतं. ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते तुली लेक छावणीतून सेंट लुई विद्यापीठात मेडिकलला निघाले. हे जमलं कसं, ते मला पाहायचंच होतं.

अशा विद्यार्थ्यांना कॉलेजात पोचवण्यासाठी मे १९४२ मध्ये एक परिषद स्थापन झाली. पुढाकार क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीचा. परिषदेचे कागद स्टॅनफर्डच्या हूवर इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत आणि मी तेव्हा कॅलिफोर्नियातच शिकत होते. सूची ऑनलाइन आहे. तिच्यातून खोक्यांचे क्रमांक काढायचे, आधी नोंदणी करून मागणी द्यायची, जाताना ओळखपत्र न्यायचं. दप्तर बाहेर, आत फक्त पेन्सिल. मी संशोधक नाही, याची मला धास्ती होती. पण तिथे कुणी पदवी विचारली नाही, विषय विचारला आणि मदत केली.

त्या काळी कॉलेजने 'ये' म्हटलं तरी काम होत नसे. ते कॉलेज लष्कर आणि नौदल या दोन्ही खात्यांनी मंजूर केलेलं असावं लागे. युद्धाचं संशोधन चालणारी मोठी विद्यापीठं त्यातून बाद होत, म्हणजे हुशार मुलाला हवी असलेलीच बहुतेक. मग एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेची तपासणी. वर्षभराचा खर्च भागेल एवढ्या पैशांचा पुरावा. आणि त्या गावातल्या जबाबदार माणसाची ग्वाही, की हा विद्यार्थी आला तर लोकांची हरकत नसेल. या शेवटच्या अटीपाशी मी बराच वेळ थांबले. पैशांचा पुरावा मीही दिला होता. आय-२० साठी, म्हणजे अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या कॉलेजच्या कागदासाठी, वडिलांनी बँकेत किती खेपा घातल्या, ते घरात सगळ्यांना आठवतं. पण मी परदेशी होते. ही मुलं आपल्याच देशात नागरिक होती, आणि त्यांच्यासाठी एका अनोळखी गावाची संमती मागावी लागत होती!

१९४३ पासून छावणी सोडायच्या परवानगीसाठी निष्ठेची प्रश्नावली आली. कुठली वर्तमानपत्रं वाचता, छंद काय, जपानी भाषा कितपत येते, जपानमध्ये नातेवाईक कोण, असं सगळं त्यात विचारलंय. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने छंदाच्या रकान्यात काय लिहावं, म्हणजे तिला रसायनशास्त्र शिकू देतील? मला तो रकाना अपमानास्पद वाटला, अजूनही वाटतो.

सरकारने फीसाठी पैसे दिले नाहीत. चर्च, कॉलेजं, विद्यार्थी संघटना यांनी शिष्यवृत्त्या उभ्या केल्या. परिषदेचे अध्यक्ष स्वार्थमोर कॉलेजचे प्रमुख जॉन नेसन होते. अखेरीस ४,००० च्या आसपास विद्यार्थी ६०० हून अधिक संस्थांत पोचले. कॉलेजांवरचे निर्बंध १९४४ मध्ये उठले, तोवर अनेकांची उमेदीची वर्षं गेली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाने शिक्षण अर्धवट सुटलेल्या सुमारे ७०० जणांना मानद पदव्या द्यायचं ठरवलं ते २००९ साली, आणि तोवर त्यांतले कितीतरी हयात नव्हते.

कुणाला हे कागद पाहायचे असतील तर एक सांगते: आधी परिपत्रकं आणि कॉलेजांशी झालेला पत्रव्यवहार मागा, नियम कसे बदलत गेले ते त्यातूनच उलगडतं. विद्यार्थ्यांच्या खासगी फायली मी मागितल्या नाहीत. प्रवास जमत नसेल तर सिएटलच्या डेन्शो संस्थेच्या संकेतस्थळावर त्या पिढीच्या मुलाखती मोफत ऐकता येतात. भावाला मी त्यांतल्या काही पाठवल्या आहेत.